सुमनला प्रवास नको

ज्या घरात एक गोष्ट बोलायची नसते, त्या घरात बाकीच्या गोष्टी फार साठतात. साठच्या दशकातल्या एका मे महिन्यात मी चिंचणीला, सासुरवाडीला, तीन आठवडे राहिलो. तिथले किस्से मित्र अजून सांगायला लावतात. ते हसतात. मीही हसतो.

आधी एवढं सांगतो. त्या जानेवारीत माझी बायको सुमन मुंबईत आठ दिवसांच्या तापाने गेली. आणि तिच्या आईला ते कुणीही सांगितलं नव्हतं.

*

कारण डोळा! सासूबाईंना सगळं घर 'बय' म्हणे. सुमन गेली त्याच आठवड्यात बयचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दीड महिना रडायचं नाही. रडलात तर डोळा गेलाच समजा!"

मेव्हणा सखाराम वाडी बघायचा. नारळ, केळी, थोडा भाजीपाला. "पंपाचा पार्ट आणायला जातो," असं आईला सांगून तो मुंबईला आला, तो बहिणीचे तेरा दिवस उरकूनच परतला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बयने खाटेवरूनच विचारलं, "काय रे, पार्ट आणायला गेलेलास का विहीर खणायला?"

पट्टी निघाली, जाड भिंगांचा चष्मा आला. दीड महिन्याचे चार महिने झाले. डोळा वाचला होता, पण आता सांगायची छाती कुणाची होईना. शेवटी सखारामने मला पत्र टाकलं : 'सुट्टीत या. तुम्ही मास्तर आहात. तुम्हीच सांगा.'

*

बोईसर स्टेशनवर तो मला घ्यायला आला. वीजघराचं बांधकाम तेव्हा जोरात होतं. तिकडे सिमेंट नेणाऱ्या एका ट्रकमध्ये आम्हाला जागा मिळाली. वाटेत त्याने मला नियम सांगितले.

"सुमनला डॉक्टरने प्रवास नको म्हटलंय, असं आमी बयला सांगितलंय. तुमी तेच सांगा. आणि भावोजी, 'होती' म्हणायचं नाय. 'आहे' म्हणायचं. तुमी शाळेत व्याकरण शिकवता, तुमाला काय अवघड?"

दुपारी जेवायला सुक्या बोंबलांचं कालवण होतं. पहिला घास घेतला आणि सखारामच म्हणाला, "सुमनला काय आवडायचे बोंबील!"

सगळ्यांचे हात थांबले. त्याची बायको इंदू वाढत होती. तिने पळी खाली न ठेवता म्हटलं, "आवडायचे काय? आवडतात! मागच्या पत्रात मागितलेत की तिनं!"

"पत्र आलंय?" बय म्हणाली. "मग वाच बघू."

*

बयला वाचता येत नव्हतं. इंदूने कोनाड्यातून हाताला लागला तो कागद काढला. बोईसरच्या एका खतवाल्याची जाहिरात होती ती. तिच्यावरून इंदूने सुमनचं पत्र घडाघडा वाचलं. तीर्थरूप बयला साष्टांग नमस्कार, मुंबईत पाण्याचे हाल, बोंबील पाठव, डोळ्याला जप. मध्ये एकदा ती अडखळलीसुद्धा, खरं वाटावं म्हणून.

बयने कागद मागून घेतला. चष्म्याजवळ धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"अक्षर सुधारलं हो हिचं," ती म्हणाली. "अगदी छापल्यासारखं येतंय!"

*

'प्रवास नको' या दोन शब्दांचा अर्थ गावाने आपल्या पद्धतीने लावला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या जानकीकाकू वाटीत साखर घेऊन आल्या. पायरीवरूनच ओरडल्या, "मास्तर, चौदा वर्षांनी! सुमनला दिवस गेले म्हणा की!"

आम्हाला मूल नव्हतं. आणि दिवस तर झाले होते, तेराच्या तेरा, माझ्याच हातून.

सखाराम उठून मागच्या दाराने वाडीत निघून गेला. इंदू चुलीशी जाऊन उगाच फुंकत बसली. काकूंनी चिमूटभर साखर माझ्या तळहातावर ठेवली.

"जानके, वाटी ठेव नि घरी जा," बय म्हणाली.

मी साखर खाल्ली.

*

सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. रोज सकाळी समुद्रावर चालत जायचो आणि वाक्यं पाठ करायचो. तीनच वाक्यं होती, सोपी. नवव्या दिवशी घर रिकामं बघून पडवीत बयसमोर बसलो.

"बय, सुमन आता..."

धडाम्! तारापूरच्या बाजूला सुरुंग उडाला. वीजघराच्या कामासाठी त्या दिवसांत असे उडायचे. फळीवरचा तांब्या घरंगळत खाली आला.

"काय म्हणालात?" बयने कानाला हात लावला.

"सुमन आता बरी आहे."

सखाराम दाराआड उभा राहून ऐकत होता. घर रिकामं नव्हतंच! बय आत गेल्यावर तो बाहेर आला. डोळे पुसत होता, पण बोलायचं थोडंच सोडणार?

"भावोजी, व्याकरणात पास! बाकीच्यात नापास."

*

निघायचा दिवस आला. मी सांगितलेलं नव्हतं. सखाराम नाक्यावर गाडी बघायला गेला होता, इंदू विहिरीवर होती. बय पडवीत चिंच फोडत बसली होती. मी पाया पडायला वाकलो. तिने हात थांबवला नाही, वरही बघितलं नाही.

"हिरवं नेसवलं व्हतं ना तिला?"

मी तसाच खाली बसलो.

"हो."

"बांगड्या?"

"भरल्या. हिरव्याच. चाळीतल्या बायकांनी."

"कुंकू?"

"मळवट भरला होता."

चिंचोके एकेक करून बाजूला पडत होते.

"आणि ओटी? ओटी भरली का?"

ओटीचं मला काही केल्या आठवेना. त्या सकाळचं बरंचसं मला आठवत नाही. ती चिंच हातात धरून थांबली होती.

"भरली," मी म्हणालो.

"नारळ व्हता?"

"होता."

तिने मान हलवली. तेवढ्यात फाटकाशी सखारामचा आवाज आला, "चला भावोजी! ट्रक थांबलाय!"

बयने सोललेल्या चिंचेचा गोळा केळीच्या पानात बांधला, माझ्या हातात दिला आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"सुमनला सांगा मास्तर, यंदा चिंच गोड हाय!"