मी शपथ मोडली नव्हती

“मेंदूच्या तळाशी गाठ आहे,” अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एमआरआयची फिल्म उजेडावर धरून त्यांनी आम्हाला ती दाखवली. मला तिथे काहीच वेगळं दिसत नव्हतं. आई माझा हात घट्ट धरून बसली होती.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “हे गेमनंच झालं नं मॅडम?”

“नाही. गेमचा याच्याशी काही संबंध नाही. ही खेळली नसती तरी गाठ झालीच असती.”

खरं सांगते, मला आनंद झाला. डोक्यात गाठ निघाली म्हणून आनंद होणारी मी एकटीच असेन, पण झाला. कितीतरी महिने घरात मी खोटारडी ठरले होते. आता माझ्या बाजूने बोलणारा एक कागद होता. डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या, “डावा डोळा बराच गेलाय. उजव्याची बाहेरची बाजू गेलीय. ऑपरेशन लवकर करावं लागेल, नाहीतर दोन्ही डोळे जातील.” तेव्हा कुठे मी घाबरले.

ज्यांच्या घरात कोणी मोबाईलवर खेळतं आणि त्यावरून रोज भांडण होतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. खेळणाऱ्यांनीही वाचावं. शेवटी तुम्हालाही दोन शब्द ऐकवणार आहे.

आमचा अकोटला फुलांचा धंदा आहे. आमच्या कामाचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो आणि जेवणापर्यंत हार, गजरे, लग्नाच्या माळा असं सगळं हातावेगळं होतं. मी बी.कॉम. करून घरच्याच कामाला लागले. दुपार मोकळी. त्या दुपारी मी मोबाईलवर गोळीबाराचा गेम खेळायचे. चौघींची ऑनलाइन टोळी होती आमची. त्यातली एक वरूडची ताई, संत्र्याच्या बागवाल्यांची सून. तिच्या सासरी कोणाला पत्ता नव्हता. सगळे झोपले की ती कानात हेडफोन घालून भांड्यांच्या फळीमागे बसून खेळायची. खेळणारी बाई म्हणजे हाताबाहेर गेलेली, असं तिच्याकडे मानत. आमच्याकडेही फार वेगळं नव्हतं. “चोवीस वर्षांची घोडी झाली अन् ठो ठो करत बसते,” हे मी रोज ऐकायचे.

मी भरपूर खेळायचे, हेही कबूल. ताटातली भाजी गार व्हायची. पण तो दुपारचा वेळ माझा होता आणि त्यात मी चांगली होते. दुसऱ्या कुठल्या गोष्टीत मला कोणी चांगली म्हटलेलं आठवत नाही.

आजाराची पहिली खूण गेममध्येच दिसली. मी सारखी मरायला लागले, आणि दरवेळी उजवीकडून. मोबाईल तोंडासमोर, तरी पडद्याच्या उजव्या कडेला आलेला माणूस मला दिसेचना. वरूडची ताई वैतागून म्हणाली, “उजव्या अंगाले काय आंधळी झाली का वं तू? एवढा मोठा मानूस उभा हाय तिथं!” आम्ही हसलो. इतकं अचूक निदान पुढे कितीतरी महिने कोणी केलं नाही.

मग डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या आतून, डोळ्यांच्या मागून. उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. हार ओवताना उजवीकडे ठेवलेली शेवंती तशीच राहून जायची. पाळीही बंद झाली होती. ते आईला सांगितलं तर ती म्हणाली, “दिवसभर मोबाईल छातीशी धरल्यावर आनखीन काय होईन?” गावातल्या डॉक्टरांकडे बाबांनी मला काही बोलूच दिलं नाही. खुर्चीत टेकायच्या आत सांगून टाकलं, “साहेब, हे गेम खेळते.” डॉक्टरांनी मान डोलावली, चष्म्याचा नंबर लिहून दिला आणि मोबाईल कमी करायला सांगितलं. त्यांचाही दोष किती म्हणावा? उत्तर आधीच टेबलावर ठेवल्यावर प्रश्न कोण विचारणार?

चष्म्याने काहीच झालं नाही. तेव्हा बाबा मला एका महाराजांकडे घेऊन गेले.

आमच्याकडे दारू सोडवणारी अशी ठिकाणं आहेत. गुरुवारी माणसं जातात, नारळ ठेवतात, देवापुढे हात ठेवून शपथ घेतात आणि गळ्यात माळ घालून घरी येतात. शपथ मोडली तर ती अंगावर येते, म्हणजे माणसाला त्रास होतो, असं सगळे मानतात. त्या भीतीने कितीतरी जण खरोखर सुटतात, मी माझ्या काकांना पाहिलंय. म्हणून त्या जागेची मी टिंगल करणार नाही. पण त्या दिवशी दारूड्यांच्या रांगेत मी एकटी मुलगी उभी होते आणि शरमेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी देवासाठी स्वतः ओवलेला झेंडूचा हार आणला होता. माझ्या पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, “पोरी, तू बी पेतं का?” महाराजही थोडे गोंधळले. मोबाईलसाठी त्यांच्याकडे अजून कोणी आलं नव्हतं. शेवटी दारूच्या जागी गेम शब्द घालून त्यांनी माझ्याकडून तीच शपथ म्हणवून घेतली.

मी ती पाळली. फोन आईला दिला, तिने तो डाळीच्या डब्यात ठेवला आणि मी त्या डब्याला शिवलेसुद्धा नाही. देवाची भीती मलाही आहे.

डोकं मात्र दुखतच राहिलं, उलट वाढलं. सकाळी उलट्या व्हायला लागल्या. साध्या डोक्याने विचार केला असता तर खेळ बंद झाला, दुखणं वाढलं, म्हणजे कारण दुसरं काहीतरी आहे हे कळलं असतं. आमच्या घरात हिशेब उलटा झाला. शपथ घेतलेल्याला त्रास होतो म्हणजे त्याने शपथ मोडली. “डोकं दुखते म्हंजे तू चोरून खेळून रायली,” बाबा म्हणाले. मी रडले, देवाची आण घेतली. “आन त घेतलीच होती तू,” ते म्हणाले. मी जितकी आजारी पडत गेले, तितकी जास्त खोटी ठरत गेले. शेवटी शेवटी दुखणं सांगणंच सोडून दिलं. उशीत तोंड खुपसून पडून राहायचे. बाबांचा मला इतका राग यायचा की त्यांनी हाक मारली तरी मी ओ द्यायची नाही. डावा डोळा गेला तो या काळात.

एका सकाळी फुलबाजारात उजवीकडून येणारी मोटरसायकल मला दिसलीच नाही. भुवईला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि आम्हाला अकोल्याला पाठवलं.

अकोल्यातही बाबांनी तेच वाक्य टाकलं. “मॅडम, हे गेम खेळते.” डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अच्छा? खेळताना काय होतं मग?”

हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी बाबांकडे पाहिलं, मग सांगितलं की शपथेच्या आधी सगळे मला उजवीकडूनच मारायचे. त्यांनी पेन खाली ठेवलं. एक डोळा झाकायला लावून म्हणाल्या, “माझ्या नाकाकडे बघ. किती बोटं?” डाव्या डोळ्याने मला बोटंच काय, त्यांचा चेहराही नीट दिसेना. मग पेरिमेट्री झाली. एका पांढऱ्या वाडग्यात डोकं घालून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं, आणि कुठवर दिसतं त्याचा नकाशा निघतो. माझ्या उजव्या डोळ्याच्या नकाशाची बाहेरची अर्धी बाजू काळी निघाली. डाव्याचा जवळजवळ सगळा काळा. लगेच एमआरआय झाला.

आजाराचं नाव पिट्युटरी मॅक्रोॲडिनोमा. पिट्युटरी ही मेंदूच्या खाली, नाकाच्या बरोबर मागे असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. शरीरातले बरेचसे हार्मोन तिच्या हुकमाने चालतात, माझी पाळी तिच्यामुळेच बंद झाली होती. ॲडिनोमा म्हणजे त्या ग्रंथीची गाठ, बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. मॅक्रो म्हणजे मोठी. ती वाढून डोळ्यांच्या नसांवर बसली होती. आई घरी सगळ्यांना सांगायची, “वाटान्याची सुपारी झाली,” आणि मग पदराने डोळे पुसायची.

ऑपरेशन अमरावतीला झालं. ट्रान्सस्फेनॉइडल सर्जरी, म्हणजे नाकातून दुर्बीण आणि हत्यारं घालून गाठ काढायची, डोकं उघडायचं नाही. शुद्धीवर आल्यावर नाक बोळ्यांनी बंद असतं, तोंडाने श्वास घ्यावा लागतो, आणि गिळताना जीव घुसमटतो. कोणावर हे ऑपरेशन होणार असेल तर सांगते, याला घाबरू नका, पण सोपं असतं असंही कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या रात्री मला मधेच वाटलं की मी मरतेय. नर्सने पाठीवर हात फिरवत राहून मला श्वास घ्यायला लावला.

नंतर तहान सुरू झाली. तांब्यामागून तांब्या पाणी आणि तितकीच लघवी. याला डायबिटीस इन्सिपिडस म्हणतात. नावात डायबिटीस असलं तरी साखरेशी त्याचा संबंध नाही, ग्रंथी दुखावल्यामुळे शरीर पाणी धरून ठेवत नाही, एवढंच. तो औषधाने थांबला. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी मात्र “शुगर झाली पोरीले, गेम खेळून खेळून” असं गावभर सांगून टाकलं.

सुटी व्हायच्या आधी पुन्हा नकाशा काढला. उजव्या डोळ्याचा काळा भाग बराच उजळला होता. डाव्याचा तसाच. सर्जन म्हणाले, “उजवा वाचला. डाव्याची नस फार दिवस दबून राहिली. तो परत येईल असं मला वाटत नाही.”

बाबा म्हणाले, “आधी आनलं असतं त?”

डॉक्टरांनी फिरवून उत्तर दिलं नाही. “सहा महिने आधी आणलं असतं तर बहुतेक दोन्ही वाचले असते.”

बाबा उठून बाहेर गेले. आई मागून गेली. मी त्यांना हाक मारू शकले असते. मारली नाही. त्यांना लागू दे, असंच मला तेव्हा वाटलं, आणि आजही मी ते खोटं सांगणार नाही. त्यांचं प्रेम होतं म्हणूनच ते मला महाराजांकडे घेऊन गेले, हे मला कळतं. पण डोळा माझा गेला.

डावा डोळा आता फक्त उजेड आणि अंधार ओळखतो. गाडी चालवत नाही. सुईत दोरा आई ओवून देते. हार्मोनच्या गोळ्या जन्मभर आहेत. डाळीच्या डब्यातला फोन आईनेच काढून माझ्या हातात दिला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, खेळू का? त्या म्हणाल्या, “खेळ की. पण अर्धा-पाऊण तास, मधे उठून लांब बघायचं, पापण्या मिटायच्या. जेवण आणि झोप सोडून नाही. खेळाने गाठ होत नाही, पण तू खेळायचीस तसं बसून कोणाचंही भलं होत नाही.” हे दोन शब्द खेळणाऱ्यांसाठी. मलाही ते आवडले नव्हते.

आता मी उघड्यावर, ओट्यावर बसून खेळते. शपथेचं काय, असं शेजारपाजारचे विचारतात. बाबा त्यांना उत्तर देत नाहीत. खरं तर ते माझ्याशीही फारसं बोलत नव्हते. काही बोलायला गेले की नजर माझ्या डाव्या डोळ्याकडे जायची आणि वाक्य अर्धंच राहायचं. ओरडणारा माणूस असा गप्प झाला की घरात करमत नाही.

यंदा दिवाळी संपली, फुलांची धावपळ ओसरली, आणि मी एका दुपारी बसले ती बसलेच. वरूडची ताईही होती. संध्याकाळी उठले तर कपाळात ठणका. तीच जागा. सांगावं की लपवावं, हा विचार मनात आला हे वाईट, पण आला. फोन हातातच होता. मी दुकानात जाऊन म्हटलं, “बाबा, डोकं दुखतंय.”

त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला. काही विचारलं नाही. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून आईला आवाज दिला, पायात चप्पल सरकवली आणि मला घेऊन अकोल्याची एसटी पकडली. रात्र नातेवाइकांकडे काढली. दुसऱ्या दिवशी नकाशा झाला, एमआरआय झाला. रिपोर्ट येईपर्यंत बाबा बाकावर बसून होते, चहाला हात लावला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गाठ परत आलेली नाही. उजवा डोळाही उत्तम आहे. काल किती वेळ खेळलीस?”

मी खाली मान घालून सांगितलं, जेवण झाल्यापासून दिवे लागेपर्यंत.

“मग त्यानेच दुखलं,” त्या हसून म्हणाल्या. “यावेळी मात्र गेमनेच.”

बाबा भिंतीकडे तोंड करून रडले. मग तोंड धुऊन आले आणि आम्ही स्टँडवर गेलो. एसटी अकोट रोडला लागली तशी त्यांनी तोंड उघडलं. “अक्कल हाय का वं तुले? मॅडमनं पाऊन तास सांगतला अन् तू दिवसभर बसली! एक डोळा रायला, तो बी घालवतं का? लाज नाई वाटत?” पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. कंडक्टर थांबून ऐकायला लागला. बाबा थांबायला तयार नव्हते, मधेमधे आवाज फाटत होता, तरी बोलत होते. मी खिडकीला टेकून सगळं ऐकून घेतलं. ऑपरेशननंतर मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.