शेळीचं दावं

उसाचं पाचट जळल्याचा वास आला की माझी चूक मला आठवते. पारगावजवळच्या आमच्या रानात बायको शेळी चारत होती. दावं तिच्या हातात असतानाच बिबट्यानं शेळी उसात ओढून नेली. तेव्हापासून ती झोपेतून दचकून उठायची, पाचट वाजलं तरी घराकडे पळायची. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, यांना मनाच्या डॉक्टरकडं न्या." मी हसलो. "आमच्या घरात कोण येडं न्हाई, बाई." भीती मोडेल म्हणून एका सकाळी, शेजारच्या रानात पाचट जळत असताना, दुसऱ्या शेळीचं दावं तिच्या हाती दिलं, तिला त्याच बांधावर एकटीला सोडलं आणि मी डेअरीला दूध घालायला गेलो. परतलो तेव्हा शेळी निवांत चरत होती. दावं मुठीला गुंडाळून ही उसाकडे बघत बसली होती. "न्यायला आलात?" एवढंच बोलली. पुढं कित्येक वर्षं एका घरात राहून आम्ही कामापुरतंच बोललो. तिचं दचकणं काही थांबेना, तेव्हा अखेर तिला पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. सर्वांत जास्त भीती कधी वाटली, असं त्यांनी विचारलं. मला वाटलं, बिबट्याचं सांगेल. ती खाली बघत म्हणाली, "हे मला सोडून गेले तवा." परतताना एसटीच्या थांब्यावर, माणसांसमोरच, मी तिची ती मूठ हातात धरली आणि म्हणालो, "चुकलं माझं. लई चुकलं."