गोळी समोर बसून द्यायची

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसणाऱ्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, की ही बाई दारू सोडवायच्या दवाखान्यात सिस्टर आहे. मग भात यायच्या आत तो विचारतोच, "तुमच्याकडे एकेक नमुने येत असतील नाही? सांगा ना काहीतरी." मी ठरलेले एक-दोन किस्से सांगते, लोक हसतात, तोवर जिलेबी येते. अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या ओपीडीत मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत साठलेल्यातले बहुतेक जिलेबीबरोबर सांगता येत नाहीत. आज जिलेबी नाही, तेव्हा सांगते.

पहिला मात्र पंगतीतलाच.

आमच्याकडे फुंकायचं मशीन आहे. ट्रॅफिक पोलिसांकडे असतं ना, तसलं. बदलापूरच्या पुढच्या एका गावातून संतोष नावाचा टेम्पोवाला यायचा, सोबत त्याची म्हातारी आई. एका सोमवारी त्यानं फुंकलं आणि आकडा आला.

"मशीन बिघडलंय, सिस्टर."

मी स्वतः फुंकून दाखवलं. शून्य.

"तुमचं सोडा. माझ्या आईला फुंकायला लावा. तिनं जन्मात थेंब घेतला नाय. तिचा आकडा आला तर मशीन खोटं."

म्हातारी नको नको म्हणत होती. मला वाटलं लाजतेय, म्हणून मीच नळी तिच्या तोंडाशी धरली. तिचा आकडा पोराच्या वर गेला.

"बघा, सांगितलं ना बिघडलंय!" संतोष म्हणाला. म्हातारी खाली बघत म्हणाली, "मी रोज नाय घेत, बाय. यो झोपला का मंगच. याचीच उरलेली."

पंगतीत मी इथे थांबते. पुढचं असं, की संतोषनं सोडली, म्हातारीला सोडता आली नाही. गेल्या वर्षी तो एकटाच आला. म्हणाला, "आईची फाइल बंद करा, सिस्टर."

*

आता आमची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दारू सोडणाऱ्याला आम्ही एक गोळी देतो. ती घेतल्यावर माणूस प्यायला, की दहा-पंधरा मिनिटांत तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या. जिवावरही बेतू शकतं. म्हणून गोळी एकट्यानं घ्यायची नाही. घरच्या माणसानं रोज समोर बसून द्यायची, गिळल्यावर जीभ बघायची, आणि कार्डावर त्या तारखेच्या चौकोनात सही करायची. सहीशिवाय कार्ड आलं की मी बोलते, आणि माझं बोलणं काही गोड नसतं. सगळी ओपीडी मला टरकून असते.

एक गृहस्थ होते, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एकटेच राहायचे. बायको सोडून गेलेली, भाऊ दारात उभा करत नव्हता. मी म्हटलं, "सही करायला कुणीतरी आणा, नाहीतर गोळी मिळणार नाही." पुढच्या आठवड्यात आणला की त्यांनी एक माणूस. जाडजूड, कपाळाला टिळा.

"हे कोण तुमचे?"

"देशी दारूच्या दुकानात काउंटरला असतात. रोज मला भेटणारे हेच एकटे."

डॉक्टर हसायला लागले. मी भडकले. पण तो काउंटरवाला हात जोडून म्हणाला, "मॅडम, मैं दूँगा रोज. और माल नहीं दूँगा, गॉड प्रॉमिस."

आणि त्यानं ते केलं बरं का. हे गृहस्थ रोज संध्याकाळी दुकानात जायचे, काउंटरवर गोळी घ्यायचे, जीभ दाखवायचे आणि घरी यायचे. चार महिने एक चौकोन रिकामा नाही. माझ्या सगळ्या पेशंटांत उत्तम कार्ड त्यांचं.

मग काउंटरवाला बहिणीच्या लग्नाला गावी गेला. त्याच्या जागी बदली माणूस आला. त्यानंही गोळी दिली, सही केली, आणि गिऱ्हाईक उभंच आहे म्हणून ग्लासही भरून दिला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

वाचले ते. पण आमच्याकडे परत आले नाहीत. काउंटरवाला गावाहून आल्यावर एकटाच येऊन बाकावर बसला होता. कार्ड परत द्यायला आला होता.

*

किशोर आमच्याकडे आला तो तिसऱ्यांदा. एमआयडीसीत फिटर, कंपनीचा निळा शर्ट, हात थरथरत होते. आधी दोनदा सोडून पळालेला, म्हणून मी फाइल काढतानाच सुनावलं, "नाटकं करायची असतील तर केसपेपर फुकट घालवू नकोस."

"या वेळी नाय, ताई. पोरगी बोलत नाय माझ्याशी."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. घरात असते, जेवायला वाढते, पण बोलत नाय. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला मी स्टेजवर चढलो होतो पिऊन."

त्याची बायको सुनीता शेजारी बसली होती. तिनं नुसती मान हलवली. मुलगी प्राची, अकरावीतली, बाहेर बाकावर बसलेली. आईनं जबरदस्तीनं आणलं होतं. दर पंधरा दिवसांनी ती यायची, कानात इअरफोन घालून बसायची, आत पाऊल टाकायची नाही. किशोरचं एकच म्हणणं: "तिला माझं खरं वाटलं पाहिजे, ताई. बाकी जग गेलं उडत."

*

आमच्या बाकावर प्रत्येकजण दुसऱ्याच कशासाठी तरी आलेला असतो. उल्हासनगरचे एक कापड दुकानवाले सिंधी शेठ खोकल्याच्या औषधाच्या नशेत अडकलेले. त्यांचा खोकला अकरा वर्षं जुना. कुणी विचारलं तर सांगायचे, "शुगर दिखाने आया हूँ." त्यांच्या शेजारी बदलापूरचे एक रिटायर्ड क्लार्क बसायचे, चांगले पिणारे. तेही म्हणायचे, "मीही शुगरसाठीच."

दोघांची गट्टी जमली. कारल्याचा रस सकाळी घ्यावा की रात्री, मेथी भिजवावी की भाजावी. सहा महिने त्या बाकावर डायबेटीसची अखंड चर्चा, आणि शुगर दोघांनाही नाही. मला आतून हसू यायचं.

क्लार्क लिव्हरनं गेले. त्यांच्या मुलानं फोनवर कळवलं. दोन आठवड्यांनी शेठनी विचारलं, "सिस्टर, वो अपने साहब आते नहीं आजकल?"

दुसऱ्या पेशंटचं सांगायचं नसतं. मी रजिस्टर चाळत बसले.

"समझ गया," शेठ खूश होऊन म्हणाले. "ठीक हो गए! देखा, होता है ठीक आदमी." तेव्हापासून त्यांनी एक तारीख चुकवली नाही. आता औषध पूर्ण सुटलंय त्यांचं. अजून मित्राच्या तब्येतीचं उदाहरण नवीन लोकांना देतात, आणि मी ऐकून घेते.

*

किशोरच्या आठव्या महिन्यात एकदा गर्दी फार होती. तो बाहेर पाणी प्यायला गेला आणि मी त्याचाच नंबर पुकारला. बाकावरून आवाज आला, "पप्पा, नंबर आला."

किशोर आत आला तो रडतच. डॉक्टर घाबरले, "काय झालं रे, प्यायलास काय?"

सुनीतानं सांगितलं, "पोरगी बोलली, साहेब."

डॉक्टरांनी केसपेपरवर वजन लिहिलं, बीपी लिहिलं, आणि खाली लिहिलं, "मुलगी बोलली." चौदा वर्षांत त्या रकान्यात असं काही लिहिलेलं मी बघितलं नव्हतं. पुढे पंधरा दिवसांऐवजी त्याला महिन्याच्या तीस गोळ्या एकदम मिळायला लागल्या. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःसाठी गजरा घेतला, खोटं कशाला सांगू.

*

आता शेवटचा.

गेल्या महिन्यात सव्वीस तारखेला सुनीता आली. पांढरी साडी. मागे प्राची. ती पहिल्यांदाच आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

सतरा तारखेला सकाळी कामावर जाताना किशोरची बाइक घसरली. एमआयडीसीच्या वळणावर खडी पडलेली होती, मागून टँकर. जागच्या जागी गेला.

ऐकलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? प्यायला असणार. लाज वाटते सांगायला, पण आलं.

"सगळे तेच म्हणतात, ताई," सुनीता म्हणाली, जसं काही तिला ऐकू गेलं. "दिरानं तर मातीच्या दिवशीच सगळ्यांदेखत म्हटलं, शेवटी दारूनंच नेला. हिच्यासमोर. पोलीस म्हणतात, रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट यायला महिने लागतील. तोवर ही काय समजणार? साहेब, तुम्ही लिहून द्या, तो प्यायला नव्हता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्या दिवशी तो इथे नव्हता, बाई. मी कसं लिहू? कार्ड आहे का?"

तिनं पिशवीतून कार्ड काढलं. डॉक्टरांनी बघितलं, माझ्याकडे सरकवलं.

एकही चौकोन रिकामा नव्हता. सतरा तारखेला सही होती. अठराला होती. एकोणीसला होती. त्या दिवशी सव्वीस तारीख, माणूस जाऊन नऊ दिवस झालेले, आणि कार्डावर तीस तारखेपर्यंत सह्या.

"एक तारखेलाच सगळ्या करून टाकल्या," सुनीता म्हणाली. "माझी पहिली शिफ्ट लागली, साडेपाचला कंपनीची बस. गोळी तो नाश्त्यानंतर घ्यायचा, तेव्हा मी घरात नसायचेच. कार्ड रिकामं दिसलं असतं तर तुम्ही ओरडला असता त्याला."

मी कार्ड टेबलावर ठेवलं.

"म्हणजे तू बघितलंच नाहीस?" प्राचीनं दारातूनच विचारलं.

"नाही."

"गोळ्या कुठायत?"

सुनीतानं पिशवीतून रबर लावलेल्या तीन पट्ट्या काढल्या. "मी उघडून बघितल्या नाहीत. हिंमत नाही झाली."

मी हात पुढे केला, पण प्राचीनं त्या आधी उचलल्या. "त्या सकाळी घेतली असेल तर किती उरल्या पाहिजेत?"

"तेरा," डॉक्टर म्हणाले.

तिनं रबर काढलं. पहिली पट्टी पूर्ण रिकामी. दुसरीवरून तिनं अंगठा फिरवला, सात खड्डे, तीन गोळ्या. तिसरी पट्टी जशीच्या तशी. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तेरा."

सुनीतानं पदर तोंडात कोंबला. प्राची डॉक्टरांकडे बघत राहिली. "पण गोळी बेसिनमध्ये टाकून दिली असेल तर?"

खोटं बोलायची ती वेळ होती, आणि मला वाटलं डॉक्टर बोलतील. ते म्हणाले, "तसंही होऊ शकतं, बेटा. ते आम्हाला कळत नाही. कुणालाच कळत नाही."

ती खुर्चीत बसली. बाहेर लोक नंबरसाठी कुरकुरत होते, मी उठले नाही. तिनं माझ्या टेबलावरचं पेन घेतलं, कार्ड पुढे ओढलं आणि अठरा तारखेपासूनच्या आईच्या सह्या एकेक करून खोडल्या. तेराच्या तेरा. मग सतराच्या चौकोनात, आईच्या सहीखाली जेमतेम जागा होती, तिथे तिनं स्वतःची सही केली.