नमुन्यात आलेलं घर

आमच्या सर्वेक्षण कंपनीत सगळे त्यांना बेलवाल्या काकू म्हणतात. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांच्या दारावरची बेल वाजवून साबण कुठला वापरता, चहा किती वेळा होतो, असलं विचारण्यात घालवलं. दार तोंडावर आपटलं तरी काकूंच्या कपाळावर आठी नसते. बहुतेक लोक त्यांना बसवतात, पाणी देतात आणि विचारलं नाही तेही सांगतात.

घरात मात्र काकूंनी लेकीला विचारलं नव्हतं. भावजयीच्या माहेरचं स्थळ पाहिलं, होकार कळवला आणि मग तिला सांगितलं.

"जगाला साबणाचा वास विचारत फिरतेस," लेक म्हणाली, "मला एकदा तरी विचारायचंस."

ती बॅग भरून निघून गेली. पुढे तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं. त्यालाही दोन वर्षं झाली. फोन दोघींपैकी कुणीच केला नाही.

तेव्हापासून लेकीची खबर येते ती ऐकीव. भावजय सांगते, पोरगी वाळून काडी झालीये. त्याच घरातला भाऊ सांगतो, चांगली अंगानं भरलीये. काकू दोघांचंही ऐकून घेतात आणि भाजी निवडता निवडता थांबतात. लेकीचा चेहरा धड डोळ्यांपुढे येत नाही.

परवा नव्या मुलांचं प्रशिक्षण होतं. आमचा तरुण सुपरवायझर शिकवत होता.

"प्राथमिक माहिती म्हणजे आपल्या प्रश्नासाठी आपण स्वतः जाऊन आणलेली. दुय्यम म्हणजे दुसऱ्यानं त्याच्या कामासाठी आधीच जमवलेली. ती स्वस्तात मिळते, पटकन मिळते. पण कुणी जमवली, कधी आणि कशासाठी, हे पाहिल्याशिवाय वापरायची नाही."

एरवी काकू मागच्या खुर्चीत डुलक्या काढतात. या वेळी त्यांनी हात वर केला.

"आणि जमवणाऱ्याला आपली जिरवायची असेल तर?"

"काकू, साबणाच्या आकड्यांत कोण कोणाची जिरवतंय?"

पोरं हसली. काकूही हसल्या. पण नव्या कामाची वाटणी झाली तेव्हा त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाची वस्ती मागून घेतली. लेक तिथेच राहते, हे भावजयीकडून पत्त्यासकट कळलं होतं.

दर तिसरं घर घ्यायचं होतं. मोजत मोजत गेल्या तर नेमकं लेकीचंच दार आलं. नातेवाइकांची मुलाखत आम्ही घेत नाही, ते घर सोडून शेजारचं घेतो. सोडल्याचं कारण टॅबलेटवर निवडावं लागतं: दार बंद, नकार, नातेवाईक. काकूंचं बोट बराच वेळ हवेतच राहिलं. मग त्यांनी शेवटचं कारण दाबलं.

शेजारीण गप्पिष्ट निघाली. धुण्याच्या पावडरीचे प्रश्न संपतात न संपतात तोच म्हणाली, "बाजूच्या घरी नाही गेलात? बरं केलंत. ती पोरगी ना, ताई, काय सांगू तुम्हाला..."

काकूंनी टॅबलेट बंद केला. नुसतं 'का हो?' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माणसाला बोलतं करण्यात आमच्याकडे त्यांचा हात कुणी धरत नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिचं तिलाच विचारते."

बाहेर येऊन त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून पिशवीत टाकलं आणि बेल वाजवली.

दार अर्धं उघडलं. लेक काडी झाली नव्हती की भरली नव्हती. तिला चष्मा लागला होता. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"पत्ता मामीनं दिला असेल," लेक म्हणाली. "मग बाकीचंही कळलं असेलच."

"कळलं. पण ते तिचं सांगणं झालं." काकूंना पुढे काय विचारावं सुचेना. "चष्मा कधी लागला?"

"गेल्या वर्षी."

"डोकं दुखायचं?"

"खूप." लेकीनं दार सोडलं नाही. "मला कामावर निघायचंय, आई. रविवारी असते मी घरी."

"येऊ?"

लेकीनं चष्मा वर सारला.

"ये," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काकू तिथेच उभ्या राहिल्या. आतून नळाचा आवाज आला, मग भांड्यांचा. रविवार अजून लांब होता.