शिवानंदच्या मागून, तळ्यांच्या मुलखात

उदगीरच्या स्टेशनवर बसवराजअण्णांनी माझ्या हातात कडक भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा ठेवला. हैदराबादची गाडी लागली होती. "काशीनाथ, फिरायला चाललास ते ठीक हाय," ते म्हणाले, "पण येताना शिवाला तयार करून ये. त्याची खोली रंगवून ठेवलीय मी."

शिवानंद हा अण्णांचा धाकटा भाऊ, माझा शाळेपासूनचा मित्र. मी किनवटला मास्तर झालो. तो इंजिनिअर होऊन इंग्लंडला गेला आणि तिथंच राहिला. मागच्या पावसाळ्यात त्याची बायको, सुनंदावहिनी, गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून अण्णांनी कधीही फोन केला तरी तो बाहेर असायचा, चालत. शेवटी त्यानंच मला कळवलं, "मे महिन्यात तुला सुट्टीच असते. ये. डोंगरात चालू."

उत्तर इंग्लंडमधल्या तळ्यांच्या मुलखात आम्ही बसमधून उतरलो तेव्हा वारा एवढा गार होता, की उदगीरचं ऊन मला चांगलं वाटायला लागलं. किनवटच्या डोंगरांवर साग दाटीनं उभा असतो. इथले डोंगर उघडे, हिरवे. चुन्यामातीशिवाय रचलेली दगडी कुंपणं त्यांच्या अंगावरून थेट माथ्यापर्यंत गेलेली. वाट लोकांच्या शेतांतून जाते, तरी कोणी हटकत नाही. फाटक उघडायचं, आत शिरायचं, मागं नीट लावायचं. कुठं कुठं फाटकाऐवजी 'स्टाइल' (कुंपण ओलांडायच्या पायऱ्या) असते. मेंढ्यांच्या पाठीवर निळा-लाल रंग लावलेला, कोकरं आयांच्या मागं धावणारी. मला प्रत्येक ठिकाणी थांबायचं होतं. शिवानंदला कुठंच थांबायचं नव्हतं.

"अरे, बस की जरा."

"बसून काय करू? चल."

गावात एका दुकानात चहा आणि 'स्कोन' (गोडसर जाड पाव, वर मुरंबा नि साय) मागवला. माझा पहिला घास तोंडात असतानाच तो पाठपिशवी चढवून दाराशी उभा राहिला. मी उरलेला स्कोन कागदात बांधून घेतला.

मुक्काम एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी होता. शिवानंद आणि वहिनी दरवर्षी तिथं उतरायचे. बाईंनी वहिनींची चौकशी केली. शिवानंदनं जे झालं ते एका वाक्यात सांगितलं आणि वर निघून गेला. बाई माझ्याकडं पाहत म्हणाल्या, "तळ्याकडची खोली ठेवली होती. त्यानं दुसरी मागितली तेव्हाच मला कळायला हवं होतं." सकाळी मी खाली आलो तर त्याचे बूट ओले होते. तो केव्हाच तळ्याला वळसा घालून आला होता. अंथरुणाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

त्या दिवशी आम्हाला खिंड ओलांडायची होती. चढावर ढग खाली आला. शिवानंदची पिवळी पाठपिशवी थोडा वेळ दिसली, मग तीही दिसेना. मी हाका मारल्या. वाट सोडून हिरवळीवरून पुढं गेलो, तर ती हिरवळ नव्हती, दलदल होती. गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय ओढायला गेलो तसा घोटा मुरगळला. मदत मागायला फोन काढला, तर त्याला रेंज नव्हती.

कुत्रा घेऊन चाललेली एक उंच बाई धुक्यातून आली. तिनं काठी पुढं केली, मला ओढून काढलं आणि मग चिखलात हात घालून माझा रुतलेला बूटही बाहेर काढला.

"पुढं एक माणूस पळाल्यासारखा चालला होता. तुमचाच का?"

"हो. माझा मित्र."

"त्याची कोणी वाट बघतंय का?"

मी नाही म्हणालो. मग बुटातला चिखल काढायला लागलो.

खिंडीच्या पलीकडून शिवानंद धावत परत आला. चेहरा पांढराफटक. आधी माझ्यावरच खेकसला. "मागं राहिलास तर हाक मारता येत न्हाई?" मग तो खाली बसला आणि माझ्या बुटाची नाडी बांधायला लागला. गाठ काही बसेना. शेवटी मीच बांधली.

तिसऱ्या दिवशी माझ्या लंगड्या पायामुळं त्याला हळू चालावं लागलं. बसथांबा खाली दरीत होता. उतरता उतरता मी अण्णांचा निरोप सांगितला.

"अण्णाला वाटतंय, खोली रंगवली की झालं," तो म्हणाला. "उदगीरला येऊन बी मी रातभर किल्ल्याभोवती चकरा मारीन. अन् सकाळी सगळं गाव विचारील, काय करायलास म्हणून. इथं कोणी विचारत न्हाई."

"पण असा किती दिवस पळणार?"

"मला काय ठावं?"

ओढ्याकाठी दुपारी अण्णांनी दिलेला डबा उघडला. कडक भाकरी मोडून त्यानं चटणीला लावली. बराच वेळ चावत राहिला.

"सुनंदा लसूण लई घालायची," तो म्हणाला. इतक्या दिवसांत त्यानं तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं. मग बोलतच राहिला. तिनं एकदा कोकराला कुंपणातून सोडवलं ते, पावसात ती कन्नड गाणी म्हणायची ते, शेवटच्या आठवड्यात तिला डोंगर पाहायचा होता ते. बोलता बोलता तो गवतावर आडवा झाला, आणि वाक्य अर्धं सोडून झोपला.

खाली बस आली. दिवसाची शेवटची. थांबली, एक माणूस उतरला, निघून गेली. मी उठवलं नाही. माझं जर्किन त्याच्या अंगावर टाकून कुडकुडत बसलो.

ऊन कलल्यावर तो दचकून उठला. "बस?"

"गेली."

"उठवायचं न्हाई का?"

"न्हाई."

त्यानं तोंड धुतलं आणि माझा हात खांद्यावर घेतला. रस्त्यावर एका शेतकऱ्यानं आम्हाला गाडीच्या मागच्या हौद्यात, मेंढ्यांच्या कुत्र्याशेजारी बसवून गावात सोडलं.

मी एकटाच परतलो. उदगीरला अण्णा स्टेशनवर आले होते. डब्यातून उतरणारी माणसं संपेपर्यंत ते माझ्या मागं बघत होते.

"न्हाई आला?"

"न्हाई, अण्णा. एकदाच विचारलं. परत विचारलं न्हाई."

त्यांना राग आला होता, ते दिसत होतं. वाटेत मी त्यांना सगळं सांगितलं, ओढ्याकाठची झोपसुद्धा. अण्णा बाजाराच्या कोपऱ्यावर थांबले.

"गाढ झोपला होता?"

"घोरत होता."

"मग राहू दे त्याला तिथं," अण्णा म्हणाले. थोडं चालल्यावर त्यांनी विचारलं, "मला जमंल का रे तिथलं चालणं? गुडघे दुखतात माझे."

"जमंल की," मी म्हणालो. "आता तो हळू चालतो."