नियर मिसवाले प्रेमानंद

भिलाईच्या प्लांटमध्ये प्रेमानंद गजभियेंना सगळे ‘नियर मिसवाले’ म्हणत, ते काही उगाच नाही. अपघात होता होता टळला, कुणाच्या हातून पाना निसटला, तेलावरून पाय सरकला, की हा माणूस लगेच साहेबाला कळवायचा. प्लांटचा शिरस्ताच तसा. लहानसं आज कळवलं तर उद्याचं मोठं टळतं. बाकीचे टाळाटाळ करत, प्रेमानंद मात्र स्वतःची चूकही सांगून मोकळे होत. त्यापायी एकदा सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात हार पडला होता. जन्मात कमावलं काय असं विचारलं असतं, तर त्यांनी आधी हे नाव सांगितलं असतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी कॅम्प-1 सोडून जुनवानीला घर घेतलं आणि दाराशी गाडी आली. आता गाडी म्हटली की ओरखडे आलेच. पहिल्याच वर्षी फाटकाला बंपर घासला. दुसऱ्या कुणी कानाडोळा केला असता, आमचे बहाद्दर विमा कंपनीला फोन लावून बसले. कंपनीचा माणूस येऊन फोटो काढून गेला, बंपर नवा झाला. पुढल्या साली मोकाट सांडानं आरसा तोडला, पुन्हा फोन. एवढ्याशासाठी कशाला कंपनीच्या मागे लागता, असं चंपाबाई म्हणायच्या, पण नवरा ऐकेल तर शपथ.

यंदा विम्याच्या हप्त्याचा आकडा आला आणि प्रेमानंदांचे डोळेच पांढरे झाले. शेजारच्या भय्याजींची गाडी हीच, याच साली घेतलेली. भय्याजी गाडी कशी हाकतात ते अख्ख्या जुनवानीला ठाऊक आहे. आणि त्यांचा आकडा यांच्याहून कितीतरी कमी! कंपनीनं नावांची अदलाबदल केली असणार, असं म्हणत प्रेमानंद तणतणत निशाकडे गेले. निशा विम्याचं काम करते. त्यांच्या मुलीची मैत्रीण, म्हणून तिनं काकांना आधी पाणी दिलं.

मग तिनं समजावलं. गाडीची आजची किंमत, तिचं वय, इंजिन केवढं, यावर आकडा ठरतो, पण ते तर दोघांचं सारखंच. फरक होता बोनसचा. ज्या वर्षी कंपनीकडे भरपाई मागितली नाही, त्याची पुढल्या वर्षी सूट मिळते आणि ती दरसाल वाढत जाते. एकदा मागितली की सूट साफ बुडते. भय्याजी गाडी ठोकतात, पण मिस्त्रीकडून गपचूप नीट करून घेतात. कंपनीच्या लेखी ते एकदम सालस.

"म्हंजे मी खराब ड्रायवर?" प्रेमानंदांनी विचारलं.

"तसं नाही काका. पन कंपनीले तेवढंच दिसते. बारीकसारीक सांगतच नका जाऊ."

सांगू नका, असं प्रेमानंदांना घराबाहेर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सांगितलं म्हणून जिथे हार पडला, त्याच गावात सांगितलं म्हणून दंड? कसला हा उफराटा कारभार! घरी येऊन ते जेवलेही नाहीत.

पुढच्या रविवारी ते चंपाबाईंना घेऊन कॅम्प-1 च्या बाजारात गेले. परतताना, बाजारामागच्या गल्लीत लावलेली गाडी मागे घेतली आणि मागे उभी असलेली कुणाची तरी स्कूटर आडवी झाली. प्रेमानंद उतरले. स्कूटरचा दिवा फुटला होता. आसपास चिटपाखरू नव्हतं, समोरच्या घराचं दार तेवढं उघडं होतं. त्यांनी स्कूटर उचलून स्टँडवर लावली. दाराकडे दोन पावलं टाकली, थबकले आणि परत येऊन गाडीत बसले.

"काऊन, सांगितलं नाही का त्याईले?" चंपाबाईंनी विचारलं.

"काय सांगाचं? काहीच नाही झालं."

हे आपणच बोललो, यावर प्रेमानंदांचा विश्वास बसेना. तरी त्यांनी गाडी काढली.