माडीवरच्या खोलीचा खर्च

रस्त्यावर सरकारी जीप दिसली की शिवलिंगअप्पा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढत. गिऱ्हाईक आत असलं तरी. परभणीत जिंतूर रस्त्यावर त्यांचं किराणा दुकान होतं. शेजारच्या घरात मी भाड्याने राहत होतो. वर्तमानपत्रात बातमीदार, म्हणून ते मला 'पेपरवाले' म्हणत.

त्यांची लेक उज्ज्वला सासर सोडून कायमची परतली, तेव्हा अप्पांनी दुकानावर तिच्यासाठी खोली बांधायला घेतली. महापालिकेची परवानगी काढली नाही. "खर्च लय हाय म्हन्तेत," ते म्हणाले. किती, हे त्यांनी कार्यालयात कधी विचारलं नव्हतं. चहाच्या टपरीवर तो आकडा रोज वाढत होता.

काम फक्त सरकारी सुट्टीला चाले. विटा दिसू नयेत म्हणून चारही बाजूंनी लग्नाच्या मांडवाचं कापड लावलेलं.

"अप्पा, लगीन कुणाचं हो?" समोरचा सलूनवाला ओरडायचा.

"तुझंच! पोरगी बघायलोय तुला," अप्पा हसत सांगत. मग मला हळूच विचारत, "पेपरवाले, ह्यानं अर्ज तर न्हाई ना दिला माझ्या नावाचा?" विभूतीखालचं कपाळ घामेजलेलं असे.

नगररचना विभागात चला, आकडा कळेल, असं मी अनेकदा सुचवलं.

"तिथं गेलं की त्यान्ला आपलं घर कळतंय."

स्लॅब पडला, उज्ज्वला वर राहायला गेली आणि शटरवर नोटीस चिकटली. तेव्हा ते माझ्यासोबत आले. अभियंत्याने परवानगीचं शुल्क कागदावर मांडून दाखवलं.

"येवढंच?" अप्पांनी कागद उचलून घेतला.

"एवढंच होतं. पण शेजारच्या बाजूला मोकळी जागा सोडावी लागते. तुमची भिंत त्या जागेत उभी आहे. दंड भरूनही ती नियमित होणार नाही. आधी आला असता, तर नकाशातच आत घेतली असती. खोली जरा लहान झाली असती, इतकंच."

"सायेब, लेक ऱ्हायलीय तिथं."

"स्वतः पाडा. आम्ही आलो तर पाडण्याचा खर्चही तुमच्याकडूनच घेऊ."

ऑटोने परतलो. दुकानापाशी उतरलो, तर उज्ज्वला वरच्या खिडकीला पडदा लावत होती.

"अप्पा, किती सांगितले वो परवानगीचे?"

अप्पांनी कागद मुठीत चुरगळला.

"लय सांगितले, माय," ते म्हणाले. "आपल्याला न्हाई झेपायचं."